बर्फाचा वरंबा कुणी ठरवला? नेल्सन नगरपालिकेचं प्रकरण

नेल्सन हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं दहा-अकरा हजार वस्तीचं गाव. कूटनी सरोवराच्या पश्चिम फाट्याकाठी डोंगरउतारावर वसलेलं, चांदीच्या खाणींच्या दिवसांत वर आलेलं. बेकर स्ट्रीट ही तिथली मुख्य बाजारपेठ. दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, दुकानं आणि रस्त्याच्या कडेला तिरक्या गाड्या लावायला आखून दिलेल्या जागा. गाडीचं नाक फुटपाथकडे, मागची बाजू रस्त्याकडे. ही मांडणी डोळ्यांसमोर ठेवा, कारण सहा वर्षं चाललेली आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली भानगड गाडीचं नाक आणि फुटपाथची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात घडली.

जानेवारी २०१५च्या पहिल्या आठवड्यात गावात जोराचा बर्फ पडला. पालिकेच्या माणसांनी स्नोप्लाऊ बाहेर काढले, रस्ते मोकळे केले, वाळू टाकली. बेकर स्ट्रीटवरच्या पार्किंगच्या जागाही साफ केल्या. त्या साफ करताना बर्फ पुढे लोटत नेऊन फुटपाथच्या कडेला सोडला. सरी पाडताना बाजूला वरंबा उभा राहतो, तसा सगळ्या रांगेपुढे बर्फाचा सलग वरंबा तयार झाला. त्यात माणूस जाईल अशी फट कुठेही ठेवलेली नव्हती.

६ जानेवारीच्या संध्याकाळी एका महिलेने अशाच एका साफ केलेल्या जागेत गाडी लावली. तिला समोरच्या दुकानात जायचं होतं. पायात चांगल्या पकडीचे रनिंग शूज होते. गाडीतून उतरल्यावर पुढे वरंबा, मागे रहदारीचा रस्ता. तिने वरंबा ओलांडायचं ठरवलं. वर पाय टाकला तसा बर्फ खचला, पाय आत खोल गेला आणि ती पुढे कोसळली. पायाची दुखापत साधी नव्हती. पुढे दोन्ही पक्षांनी नुकसानीचा आकडा आपसांत मान्य केला: १० लाख डॉलर. त्यामुळे रकमेवर वाद उरला नाही. ती रक्कम पालिकेकडून मागता येते का, एवढाच प्रश्न राहिला.

पहिल्या कोर्टात तिन्ही दारं बंद

निष्काळजीपणाच्या दाव्यात वादीला साधारण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. समोरच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते पाळण्यात त्याने हयगय केली आणि त्या हयगयीमुळेच इजा झाली. २०१९ साली प्रांताच्या सुप्रीम कोर्टात (ब्रिटिश कोलंबियात हे नाव पहिल्या पायरीच्या कोर्टाचं आहे) न्यायाधीशांनी तिन्ही ठिकाणी वादीच्या विरोधात निकाल दिला.

कर्तव्याबाबत ते म्हणाले, बर्फ कधी, कुठून आणि कसा काढायचा हे पालिकेचं धोरण आहे, आणि धोरणावर कोर्टात हयगयीचा दावा चालत नाही. समजा कर्तव्य होतं असं धरलं, तरी पालिका वाजवीच वागली. आणि हयगयही धरली, तरी ही बाई आपल्या दुर्दैवाला आपणच कारण आहे, कारण धोका दिसत असताना ती त्यावर चढली.

हा तिसरा मुद्दा वाचताना मी थांबलो. विमा कंपन्यांच्या पत्रांतही हेच वाक्य असतं, फक्त जरा मऊ शब्दांत. ‘तुम्हाला बर्फ दिसत होता ना?’ दिसत होता. पण जागा पालिकेने साफ केली, गाडी लावायला खुली ठेवली आणि समोर बाजारपेठ आहे. अशा ठिकाणी गाडी लावणाऱ्याने पुढे काय करावं अशी अपेक्षा होती? गाडीतच बसून राहावं?

२०२०च्या सुरुवातीला प्रांताच्या अपील कोर्टाने तिन्ही मुद्दे चुकीचे ठरवले आणि खटला नव्याने चालवायला सांगितला. पालिका ओटावाला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने पालिकेचं अपील फेटाळलं. निकाल न्यायमूर्ती कॅराकॅट्सानिस आणि न्यायमूर्ती मार्टिन यांनी मिळून लिहिला. वकिलांमध्ये तो २०२१ एससीसी ४१ या क्रमांकाने ओळखला जातो.

कवच कशासाठी असतं

या निकालाच्या मुळाशी एक जुना खटला आहे. ब्रिटिश कोलंबियातल्याच व्हिसलर गावाकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर बर्फामुळे गाड्या खोळंबल्या होत्या. वरून सुटलेला टनाहून जास्त वजनाचा दगड एका गाडीवर आदळला. गाडीतली मुलगी दगावली, वडील गंभीर जखमी झाले. दरडी तपासण्याची व्यवस्था नीट नव्हती म्हणून त्यांनी प्रांतावर दावा लावला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की सरकारने लोकांना वापरायला रस्ता दिला, तर तो वाजवी प्रमाणात सुरक्षित ठेवण्याचं कर्तव्य त्याच्यावर येतं. सुटका फक्त दोन कारणांनी होते: कायद्यानेच तशी सूट दिली असेल तर, किंवा वादाचा विषय असलेला निर्णय खरोखरच धोरणाचा असेल तर.

गेली तीसहून अधिक वर्षं भांडण या ‘खरोखरच धोरणाचा’ या शब्दांवर चाललं आहे. बोलीभाषेत धोरण आणि अंमलबजावणी असा भेद करणं सोपं जातं. प्रत्यक्षात सरकारचं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या धोरणाखाली येतं. खड्ड्यात डांबर टाकणाऱ्या मुकादमाकडेही एखादं परिपत्रक असतंच.

नेल्सन पालिकेचा युक्तिवाद असाच होता. आमच्याकडे बर्फ काढण्याचं लेखी धोरण आहे, त्यात रस्त्यांचा प्राधान्यक्रम ठरलेला आहे, अंदाजपत्रकाची मर्यादा नमूद आहे, म्हणून त्याखाली झालेलं सगळं धोरणात मोडतं.

न्यायालयाने आधी विचारलं, धोरणाला दाव्यापासून हे कवच मुळात का दिलं जातं? उत्तर राज्यघटनेच्या रचनेत आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने पैसा कुठे खर्च करायचा, काय आधी आणि काय नंतर, याचा राजकीय तोल साधायचा असतो. तो चुकला तर त्याचा जाब मतदार विचारतात. न्यायाधीशाने मागाहून येऊन ‘तुम्ही उद्यानाऐवजी रस्त्यावर खर्च करायला हवा होता’ म्हणणं हे त्याचं काम नाही. कवच यासाठी आहे आणि एवढ्यासाठीच. मग कोर्टाने शोधायचं ते हे: समोरचा निर्णय खरंच अशा तोल साधण्यातून आला आहे का?

हे तपासायला निकालात चार बाबी दिल्या आहेत. निर्णय घेणारा किती वरच्या पदावर होता आणि लोकांनी निवडलेल्या माणसांच्या किती जवळ होता. निर्णय कोणत्या प्रक्रियेतून आला, त्यावर चर्चा झाली का, तो पुढचा विचार करून घेतलेला व्यापक निर्णय होता का. पैशाचा विचार कितपत आणि कोणत्या पातळीवर झाला. आणि निर्णय मूल्यांच्या तडजोडीवर उभा आहे की तांत्रिक, मोजता येण्याजोग्या निकषांवर.

चारही बाबी नेल्सनला लावून पाहिल्या तर निकाल इथेच उलगडतो. साक्षीला आलेल्या पालिकेच्या पर्यवेक्षक अधिकाऱ्याने सांगितलं की पार्किंगच्या जागा साफ करण्याच्या पद्धतीबाबत वेगळा निर्णय घेण्याचा अधिकारच त्या पदाला नव्हता. म्हणजे ठरवणारा कोण, तर हा अधिकारी नाही. वरच्या कुणी ठरवलं होतं का? तसा पुरावा नाही. लेखी धोरणात पार्किंगच्या जागांपुढच्या वरंब्याबद्दल अक्षर नाही. वरंब्यात वाटा ठेवायला किती माणसं, किती तास, किती पैसा लागेल याचा हिशेब पालिकेने कधी मांडलाच नव्हता. अंदाजपत्रकाचा विचार होता तो कामगारांच्या रोजच्या पातळीवरचा, आज किती माणसं आणि किती गाड्या हाताशी आहेत एवढाच. आणि वाटा ठेवता येतात की नाही हे तपासायला मूल्यांचा वाद घालायची गरज नव्हती. शेजारची गावं काय करतात हे पाहूनही ते मोजता आलं असतं.

पालिकेच्या बाजूने एवढंच उरलं: आम्ही नेहमी असंच करतो. न्यायालयाच्या दृष्टीने नुसता प्रघात म्हणजे धोरण नाही. कुणीच विचार करून ठरवलेलं नसेल, तर राखायला निर्णयच नाही, आणि कवच निर्णयाला मिळतं.

हा भाग मला निकालातला सगळ्यात कसदार भाग वाटतो. ज्याने कुणी पालिकेच्या कचेरीत काम केलं आहे त्याला हे पटकन कळेल. दहा वर्षांपूर्वीच्या एका मुकादमाने मशीनला सोपं पडावं म्हणून एक पद्धत सुरू केलेली असते. त्याच्यानंतर आलेला तेच करतो. तिसऱ्याला वाटतं हा नियमच आहे. कोर्टात विचारलं की फाइल शोधली जाते आणि फाइलमध्ये काहीच नसतं. बाहेरून ‘संस्थेचं धोरण’ दिसणारी किती कामं अशी कुणीही न ठरवता चालतात, हे नेल्सनच्या साक्षींमधून स्वच्छ दिसतं.

पैशाबद्दल न्यायालयाने एक बारीक गोष्ट नमूद केली आहे आणि ती अनेकदा निसटते. निर्णयाला खर्चाची बाजू आहे एवढ्यावर तो धोरण ठरत नाही. पण म्हणून पालिकेच्या तिजोरीकडे दुर्लक्ष करायचं असंही नाही. वाजवी काळजी म्हणजे किती, हे ठरवताना हाताशी किती माणसं आणि यंत्रं होती हे पाहावंच लागतं. पैशाचा मुद्दा दरवाजात अडवायला वापरता येत नाही, आत आल्यावर मांडता येतो.

हयगय आणि कारण

बाकीचे दोन मुद्दे न्यायालयाने तुलनेने झटपट निकालात काढले. हयगय झाली का हे पाहताना पहिल्या न्यायाधीशांनी पुन्हा धोरणाचाच चष्मा लावला होता. पार्किंगची जागा खुली करून फुटपाथकडची वाट बंद करणं वाजवी होतं का, शेजारची गावं काय करतात, हे त्यांनी नीट तपासलं नाही.

कारणसंबंधाबाबतची चूक अधिक शिकण्यासारखी आहे. प्रश्न असा विचारायचा असतो: पालिकेने हयगय केली नसती तर ही इजा झाली असती का? वादीने सावध राहायला हवं होतं, हा वेगळा प्रश्न आहे. ब्रिटिश कोलंबियात दोष वाटून देण्याचा कायदा आहे. कोर्ट म्हणू शकतं, पालिका इतके टक्के, वादी इतके टक्के, आणि त्या हिशेबाने भरपाई कमी होते. पहिल्या न्यायाधीशांनी वादीच्या दोषाचं तराजूत वजन न करता त्याच दोषाने सगळा दावा खोडून टाकला. आपण स्वतःहून पाऊल टाकलं म्हणून दुसऱ्याची हयगय पुसली जात नाही.

पण निकालाबद्दल ऐकीव माहितीवर बोलणारे इथे एक घोळ करतात. सर्वोच्च न्यायालयाने पालिका दोषी आहे असं ठरवलं नाही. पालिकेवर कर्तव्य होतं, एवढा मुद्दा पक्का केला आणि हयगय व कारण हे दोन्ही प्रश्न नव्या सुनावणीकडे पाठवले. वादीला १० लाख डॉलर मिळाले अशी जी वाक्यं फिरतात, ती या निकालपत्रातून निघत नाहीत.

गावोगावचा कायदा वेगळा

नेल्सनचं तत्त्व कॅनडाभर लागू आहे, पण ते चालतं प्रांताच्या कायद्याच्या चौकटीत, आणि ती चौकट जागोजागी बदलते. टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी इथे कान टवकारावेत. ऑन्टारिओच्या म्युनिसिपल अ‍ॅक्टच्या कलम ४४ प्रमाणे (टोरांटोपुरता वेगळा कायदा आहे, पण त्यातही हेच नियम आहेत) फुटपाथवरच्या बर्फामुळे झालेल्या इजेसाठी पालिका जबाबदार ठरते ती फक्त ढोबळ, घोर हयगय असेल तरच. साधी हयगय पुरत नाही. शिवाय पडल्यापासून १० दिवसांच्या आत पालिकेच्या क्लार्ककडे लेखी नोटीस गेली पाहिजे. उशिराला वाजवी कारण असेल आणि पालिकेचं त्यामुळे नुकसान झालं नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं, पण त्यावर विसंबून राहू नये. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालून घरी यायचं, दोन दिवस औषधांच्या गुंगीत काढायचे, आणि दहा दिवस कधी सरले ते कळत नाही.

त्याच प्रांताच्या नियमावलीत फुटपाथवर बर्फ ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त साचला, तर तो ४८ तासांत त्या पातळीपर्यंत खाली आणण्याचा दंडक आहे. पालिका तो पाळत असेल तर वादीचं काम अवघड होतं. अल्बर्टातही बर्फाबाबत घोर हयगयच लागते आणि नोटिशीला २१ दिवस आहेत. ब्रिटिश कोलंबियात स्थानिक शासनाच्या कायद्याप्रमाणे दोन महिने.

आपल्या घरासमोरचा फुटपाथ साफ न करणाऱ्या घरमालकाबद्दलही इथे एक गैरसमज आहे. अनेक गावांत साफ न केल्यास दंड होतो. पण फुटपाथ पालिकेचा असल्यामुळे पडलेल्या माणसाची भरपाई सहसा त्या घरमालकावर येत नाही. आपल्या आवारातलं पाणी किंवा बर्फ वाहून फुटपाथवर गोठला असेल, तर गोष्ट वेगळी.

इंग्लंडमध्ये चित्र आणखी निराळं. तिथे २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, ठरवलं की रस्ता ‘राखण्याच्या’ कायदेशीर कर्तव्यात बर्फ काढणं येत नाही. तीन वर्षांत संसदेने कायदा बदलून हायवेज अ‍ॅक्टमध्ये नवं पोटकलम घातलं: बर्फामुळे ये-जा धोक्यात येऊ नये याची व्यवहार्य तेवढी काळजी रस्ते प्राधिकरणाने घ्यावी. कॅनडात न्यायालयाने वाट मोकळी केली, तिथे संसदेने.

आपल्याकडे भारतात याच प्रश्नाचं उत्तर अनेक वर्षं उलट्या दिशेने होतं. १९९७ साली राजकोट महापालिकेच्या खटल्यात रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून पादचारी दगावला, तरी सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं नाही. अलीकडे वारं फिरलं आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पण हा रस्ता घटनेच्या कलम २१चा आहे, जगण्याच्या हक्काचा. नेल्सनसारखा ‘कुणी, कधी, कशाच्या आधारे ठरवलं’ असा पुराव्याच्या चाळणीतून जाणारा दावा त्यात नसतो, आणि रकमाही त्या मानाने ठोकळ आहेत.

पालिकांनी यातून काय उचललं

या निकालावर पालिकांच्या वकिलांचा पहिला सल्ला सहज ओळखता येतो: सगळं कागदावर आणा. बर्फ काढण्याचं धोरण सभागृहापुढे ठेवा, पार्किंगच्या जागा, बसथांबे, ओलांडण्याच्या जागा यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख करा, खर्चाचे पर्याय मांडा, मतदान घ्या, इतिवृत्तात नोंदवा.

सल्ला बरोबर आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. समजा एखाद्या पालिकेच्या सभागृहाने पुढच्या थंडीआधी ठराव केला की पार्किंगपुढच्या वरंब्यात वाटा ठेवायला इतका खर्च येतो, तेवढा पैसा आम्ही शाळांजवळच्या फुटपाथवर घालू, त्यामुळे वाटा ठेवणार नाही. ठराव अविवेकी नसेल आणि वाईट हेतूने केलेला नसेल, तर नेल्सनच्या चारही कसोट्यांवर तो बहुधा टिकेल. वरंबा तोच, पडणारा माणूस तसाच, आणि दावा मात्र चालणार नाही.

काही टीकाकारांना हा निकालातला दोष वाटतो. मला तसं वाटत नाही. असा ठराव करायचा तर कुणाला तरी भर सभेत हात वर करावा लागतो, दुकानदारांची पत्रं वाचावी लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांनी गाडीतून उतरून कुठून जायचं याचं उत्तर द्यावं लागतं. २०१५च्या नेल्सनमध्ये या प्रश्नाला उत्तर देणारं पदच नव्हतं. पर्यवेक्षकाच्या हाती अधिकार नव्हता आणि वर कुणाला हे आपलं काम वाटत नव्हतं. ठराव झाला की निदान नावं सापडतात, आणि पुढच्या निवडणुकीत त्या नावांसमोर शिक्का मारायचा की नाही हे मतदार ठरवतात.

आणि बहुतेक पालिकांना ठरावाची गरज पडणारही नाही. लोडर आणून रांगेतल्या दर काही गाड्यांमागे वरंब्याला एक खिंड पाडली आणि ती होईपर्यंत त्या जागा दोरी लावून बंद ठेवल्या, तर १० लाखांचा दावा उभा राहायला जागाच उरत नाही.